बरणीवरच्या दोन रेघा

बरणीला पट्टी लावण्याआधी पप्पांची पाठ माझ्याकडे आहे, याची मी खात्री करून घेतली. ते ओट्यापाशी उभे राहून गवती चहा निवडत होते. पिवळी पानं एका बाजूला, हिरवी दुसऱ्या बाजूला. मी चिकटपट्टीचा वीतभर तुकडा बरणीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे, उभा चिकटवला आणि दारूच्या पातळीवर बॉलपेनने आडवी रेघ मारली. रेघेशेजारी वेळ लिहिली. सहा वीस.

"काय करतेस गं तिथे?" पप्पांनी मान न वळवता विचारलं.

"झाकण घट्ट आहे का बघते."

"घट्टच आहे. तिला काय पंख आहेत उडून जायला?"

ऑक्टोबरचा पहिला शनिवार होता तो. चौदा वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी आगेरा, म्हणजे आमचा वसईकडच्या ख्रिस्ती लोकांचा सुगीचा सण. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, फादरांकडून आशीर्वाद घ्यायचा आणि मिस्सेची प्रार्थना आटोपली की आळीतल्या क्रुसापाशी मांडव घालून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. जेवणाआधी खिमाड. मसाल्याच्या गरम पाण्यात देशी दारू घालून केलेलं हे पेय लहान ग्लासांतून घोटघोट घेतात. बायका घेतात, म्हातारे घेतात, फादरसुद्धा नको नको म्हणत अर्धा ग्लास घेतात.

वीस वर्षं मधल्या आळीचा खिमाड पप्पांनी केला होता. आणि त्याच वीस वर्षांत त्यांनी पिऊन पिऊन स्वतःचं जे काही करून घ्यायचं ते करून घेतलं होतं. संध्याकाळी ते घरी आले की आई दारात उभी राहायची आणि म्हणायची, "हा करा." पप्पा तोंड उघडून श्वास सोडायचे. लवंगेचा वास यायचा. लवंग चघळून आले की आई समजायची. मीही समजायला शिकले. पुढे तर नुसता लवंगेचा वास आला तरी मी दप्तर उचलून माडीवर जायची.

आई गेली तेव्हा शवपेटीवर हात ठेवून ते म्हणाले, "कार्मेलिन, आजपासून नाही." कोणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. पण सहा वर्षं झाली होती आणि त्यांनी थेंब घेतला नव्हता. खिमाडही केला नव्हता. आगेऱ्याच्या दिवशी ते मिस्सेला जायचे आणि मांडवाला वळसा घालून मागच्या वाटेने घरी यायचे.

त्या वर्षी जुरानकाका विचारायला आले. ते आळीचे वडीलधारे, पप्पांचे लहानपणचे दोस्त.

"बस्त्याव, मागच्या वर्षी केटररने केला. आठवतंय? नसणारच, तू आला नाहीस. अरे, खोकल्याचं औषध बरं. माझ्या सुनेने ग्लास हळूच तुळशीत ओतला—"

"तुझ्या अंगणात तुळस कुठली?"

"शेजाऱ्यांच्या. तुळस मेली."

पप्पा हसले. मग म्हणाले, "मला चाखता येणार नाही, जुरान."

"नको चाखू. वासावर कर. तुझं नाक अजून जागेवर आहे ना?"

पप्पांनी मला फोन केला. मी तेव्हा मुंबईत एका दैनिकात उपसंपादक होते, रजा मिळणं कठीण. तरी ऐकताक्षणी मी दोन दिवस मागून घेतले. "मी नाक, तू जीभ," ते फोनवर म्हणाले. त्यांना वाटलं मी मदतीला येतेय. मी पहाऱ्याला आले होते.

शनिवारी दुपारी त्यांनी सहा बाटल्या फोडून काचेच्या बरणीत ओतल्या. मी समोर उभी होते. त्यांनी मान वळवून, लांब हात करून ओतल्या, जसं कोणी फिनेल ओततं. मग दालचिनी, वेलची, जायफळाचा तुकडा, मूठभर लवंगा. लवंगा टाकण्याआधी त्यांनी त्यातली एक दाताखाली धरली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"जुनी आहे की नवी ते कळतं. जुनीचा चुरा होतो, ती जिभेला चावत नाही." ती लवंग ते बराच वेळ चघळत राहिले. मला ते आवडलं नाही. रात्रभर हे मुरू द्यायचं, सकाळी पाणी उकळायचं, साखर करपवायची आणि शेवटी विस्तव विझवून दारू घालायची, असा क्रम होता. दारू पडल्यावर पुन्हा उकळी येऊ द्यायची नाही, एवढं एकच ते मला तीनदा सांगून गेले.

"आई चाखायची ना?" मी विचारलं.

"हो. दरवर्षी म्हणायची, लवंग जास्त झाली. लवंग कमी घातली तरी तेच म्हणायची."

ते ओट्यावर घासून ठेवलेल्या मोठ्या पातेल्याकडे बघत बोलत होते. पातेलं नवं होतं, स्टीलचं, लखलखीत. मग मी पट्टी लावली. सहा वीस.

रविवारी सकाळी सव्वासहाला मागचं दार वाजलं. मी खिडकीतून पाहिलं. पप्पा पांढरा शर्ट घालून, हातात भाताच्या दोन लोंब्या आणि काखेत पिशवी घेऊन चालले होते. आमच्या आळीत घरची पहिली लोंबी चर्चला नेण्याआधी आपल्या माणसाच्या कबरीवर ठेवतात. मीही जायला हवं होतं. पण घरात बरणी होती आणि माझं सगळं लक्ष बरणीत होतं. मी पुन्हा आडवी झाले.

सात दहाला मी स्वयंपाकघरात गेले आणि बरणी फिरवली.

दारू रेघेच्या खाली होती. बोटभर. मी बरणी सपाट आहे का पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, खाली वाकून डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहिलं. मग बॉलपेन घेऊन नव्या पातळीवर दुसरी रेघ मारली. सात दहा.

त्याच वेळी पुढच्या दाराने जुरानकाका आणि शेजारच्या अँजेलिनमावशी आत आले. काकांच्या हातात सरपण, मावशींच्या हातात ग्लासांची टोपली.

"रेजी, उठवलं का बापाला?" काका ओरडले. "का नवरदेवासारखा नटतोय?"

"तो केव्हाच उठलाय," मावशी म्हणाल्या. "सिमिटरीच्या वाटेला दिसला मला."

पप्पा मागच्या दाराने आले. नळावर हात धुतले, धोतराच्या जुन्या फडक्याला पुसले. गालात काहीतरी होतं. ते जवळ आले आणि मला लवंगेचा वास आला.

"पाणी चढवू या," ते ओट्यावरचा डाव उचलत म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. तसा मोकळा चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, आणि तेही मला खटकलं.

"पप्पा," मी म्हणाले, "बरणी कमी झालीय."

"असेल."

"असेल म्हणजे? काल सहा वीसला इथे होती. आता इथे आहे." मी बरणी फिरवून पट्टी दाखवली. दोन्ही रेघा. जुरानकाकांनी सरपण खाली ठेवलं.

पप्पांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोजलंयस ना तू? मग मला कशाला विचारतेस?"

"रेजी, जाऊ दे गं," अँजेलिनमावशी म्हणाल्या. "मुरताना थोडी जातेच."

"बोटभर नाही जात, मावशी."

मग मी ते केलं. मी पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले, आई उभी राहायची तेवढ्याच अंतरावर, आणि म्हणाले, "हा करा."

पप्पा एकसष्ट वर्षांचे होते. त्यांचा दोस्त एका बाजूला उभा होता, शेजारीण दुसऱ्या बाजूला. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी तोंड उघडलं आणि श्वास सोडला.

लवंग होती. लवंगेखाली काय होतं ते मला आज सांगता येणार नाही. त्या वेळी मी म्हणाले, "आहे."

पप्पांनी हातातला डाव ओट्यावर ठेवला. सावकाश, आवाज न करता. "साखर जास्त करपवू नकोस," ते म्हणाले. "काळी झाली की कडू होते." आणि ते पुढच्या दाराने बाहेर गेले.

खिमाड मी केला. अँजेलिनमावशी क्रम सांगत होत्या, मी करत होते. पाणी, गवती चहा, साखर तांबूस झाली तेव्हा उतरवली, विस्तव विझवला, बरणी रिकामी केली. चाखलाही मीच. चांगला झाला होता. मांडवात लोकांनी दोनदा मागून घेतला. जुरानकाकांच्या सुनेने शेजारच्या कुंड्यांकडे पाहून सगळ्यांसमोर ग्लास रिकामा केला आणि सगळे हसले.

पप्पा साडेबाराला आले. सकाळचाच पांढरा शर्ट होता. ते शेवटच्या रांगेत, खांबाला लागून असलेल्या खुर्चीवर बसले. जुरानकाका ट्रे घेऊन फिरत होते. पप्पांपाशी आल्यावर त्यांनी ट्रे उचलून पुढे जायला पाऊल टाकलं.

"थांब," पप्पा म्हणाले. "मला दे."

"बस्त्याव, नको. उगाच—"

"उगाच काय? लेकीने वास घेतला. चार माणसांत सांगितलं. आता मी न पिता बसलो तर तिला खोटं पाडल्यासारखं होईल."

ते हसत बोलले. आजूबाजूचे काहीजण विनोद समजून हसले. जुरानकाका हसले नाहीत. पप्पांनी ट्रेमधून स्वतःच ग्लास उचलला, माझ्या दिशेला थोडा वर धरला आणि एका घोटात संपवला. मग दुसरा. मी मोजत होते. जेवण वाढेपर्यंत पाच झाले.

तेव्हाही मला वाटलं, मी बरोबर होते. हे लिहायला अवघड जातं, पण तसंच वाटलं. ज्याला प्यायचंच आहे तो निमित्त शोधतो, असं मी जुरानकाकांना त्या संध्याकाळी म्हणाले. त्यांनी मला चर्चगेटच्या गाडीची वेळ विचारली.

पुढच्या महिनाभरात तीन वेळा अँजेलिनमावशींचा फोन आला. एकदा पप्पा विहिरीपाशी पडले होते. एकदा त्यांनी दुपारपासून दार उघडलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्या नुसतं म्हणाल्या, "बाय, तू ये."

मी गेले ती दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी. त्या दिवशी आम्ही कबरी धुतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो आणि फादर येऊन कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. पप्पा येण्याच्या स्थितीत नव्हते. मी बादली, खराटा आणि झेंडूची पिशवी घेऊन एकटीच सिमिटरीत गेले.

आईच्या कबरीच्या क्रुसामागे मातीची एक कुंडी असायची. त्यातलं वाळकं उपटताना हाताला काच लागली. खोकल्याच्या औषधाची जुनी मोठी बाटली होती, पत्र्याचं झाकण घट्ट लावलेली. तिच्या गळ्याला दोऱ्याने दोन लोंब्या बांधलेल्या. दाणे चिमण्यांनी खाल्ले होते, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. आत तांबूस पाणी होतं. तळाला तीन लवंगा.

मी झाकण उघडलं. वास घेतला. बरणीतल्या दारूचा तो वास ओळखायला आता मला अजिबात वेळ लागला नाही.

शेजारच्या कबरीपाशी अँजेलिनमावशी मेणबत्ती पेटवत होत्या. त्यांनी माझ्या हातात बाटली पाहिली आणि काडी विझेपर्यंत तशीच धरून ठेवली.

"अगं," त्या म्हणाल्या, "ही तर कार्मेलिनची."

"आईची? आई पीत नव्हती."

"पीत कुठली. गुडघ्यांना लावायची. थंडी सुरू झाली की तिचे गुडघे धरायचे ना. दरवर्षी आगेऱ्याला बरणीतलं बाटलीभर काढून घ्यायची, मुरलेलं, लवंगेचं. तांदळाच्या पिंपामागे ठेवायची, तुम्हा पोरांच्या हाती लागू नये म्हणून." त्यांनी दुसरी काडी ओढली. "बस्त्यावच काढून द्यायचा तिला. मला म्हणायची, अँजेलिन, त्याच्या दारूतलं एवढंच मी मागते."

"तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?"

"मला काय माहीत गं, त्याने इथे आणून ठेवलीय? मला वाटलं तू वास घेतलायस, तो प्यायलाय की नाही ते तुला कळलं असेल."

मी कामावर दोन ठिकाणांहून खातरजमा झाल्याशिवाय कोणाचं नाव छापायला सोडत नसे. त्याबद्दल ऑफिसात माझी थट्टाही व्हायची. त्या सकाळी स्वयंपाकघरात मी एकालाही विचारलं नव्हतं. 'कुठे गेली?' हा प्रश्न माझ्या तोंडातून निघालाच नव्हता.

मी बाटली पिशवीत घालून घरी आणली. ती तिथेच ठेवायला हवी होती, हे मला सुचलं नाही. मला तेव्हा एकच गोष्ट सुचत होती. बरणी मोरीजवळच्या फळीवर होती, धुऊन पालथी घातलेली. पट्टी तशीच होती. शाई थोडी पसरली होती, पण दोन्ही वेळा वाचता येत होत्या.

मी बरणी ओट्यावर ठेवली. पिंपातलं पाणी तांब्याने घालत गेले, खालच्या रेघेपर्यंत. सात दहा. शेवटी चमच्याने घातलं, रेघ नेमकी गाठायला. मग बाटली उघडून सगळी आत ओतली. लवंगांसकट.

तांबूस रंग पाण्यात पसरत गेला. पातळी वर चढली आणि सहा वीसच्या रेघेला जाऊन टेकली. खाली नाही, वर नाही.

"भरलं?"

पप्पा दारात उभे होते. शर्टाची बटणं चुकीची लागली होती, एक हात चौकटीला होता. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"भरलं," मी म्हणाले.

ते ओट्यापर्यंत आले. वाटेत खुर्चीला धरावं लागलं. बरणीवर वाकून त्यांनी पट्टी पाहिली. मला वाटतं, त्यांनी ती नीट पाहण्याची ती पहिलीच वेळ.

"तू लावत होतीस तेव्हा दिसत होतीस मला," ते म्हणाले. "पातेल्यात. नवं पातेलं, आरशासारखं."

"तुम्हाला माहीत होतं? मग तरी काढलीत?"

"काढायची होती ना तिच्यासाठी."

"पप्पा, सांगायचं होतं हो. एक शब्द बोलायचा होता."

"बोलणार होतो. तू चौघांत रेघा दाखवल्यास आणि म्हणालीस, हा करा." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "पूर्वी मी प्यायलो की बाटलीत पाणी घालून पातळी सारखी करायचो. तुझी आई पकडायचीच. या खेपेला म्हटलं, पाणी नाही घालायचं. कमी झालेली दिसू दे. रेजी विचारेल, मग सांगू. तुझ्या आईलाही बरं वाटेल, म्हटलं."

बाहेर सिमिटरीतली घंटा वाजायला लागली. फादर निघाले असतील. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

पप्पांनी रिकामी बाटली हातात घेतली. लोंब्यांच्या काड्या दोऱ्यात अडकल्या होत्या, त्या बोटाने सरळ केल्या. मग माझ्याकडे न बघता बाटली पुढे केली.

"फादर यायच्या आत तिची तिला परत ठेवून ये," ते म्हणाले. "थंडी पडायला लागलीय."

मी बाटली घेतली आणि बरणीकडे पाहिलं. रेघेपर्यंत पाणी होतं, आणि आईची दारू त्यातच गेली होती.